दाऊदभाईंचे तीन चाकू

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडून भाजी मंडईकडं वळलं की डाव्या हाताला दाऊदभाईंचं दुकान लागतं. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फटच म्हणा ना. गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाला पाय आखडून घ्यावे लागतात. त्या फटीत बसून दाऊदभाई अडतीस वर्षं सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते आणि घडीचे चाकू विकत आलेत. बाकीचा माल पोटासाठी. जीव मात्र घडीच्या चाकूत. सुरी घरात राहते, कात्री शिंप्याकडं राहते. पण घडीचा चाकू माणसाच्या खिशात राहतो, त्याच्याबरोबर बसनं फिरतो, त्याच्या घामानं भिजतो. म्हणून तो देताना माणूस बघून द्यावा, असं त्यांचं मत.

चाकू मागायला कुणी आलं की दाऊदभाई आधी विचारणार, "कापणार काय?"

सुतळी म्हणा, पेरू म्हणा, वायर म्हणा, बकरीचा पाला म्हणा. त्याप्रमाणं ते चाकू काढत. एकदा काळा चष्मा लावलेला एक पोरगा म्हणाला, "असाच पाहिजे."

"असाच रुमाल लागतो, बेटा," दाऊदभाई म्हणाले. "चाकू कामाला लागतो. काम सापडलं की ये."

पोरगा काही परत आला नाही. चार बोटांपेक्षा लांब पात्याचा चाकू तर त्यांनी दुकानात कधी ठेवलाच नाही.

त्यांचे वडील सिल्लोडचे. सायकलवर धारेचं चाक बांधून बाजार-बाजार फिरायचे. वडिलांकडून दाऊदभाईंना धार लावणं आलं, आणि त्याहून मोठी गोष्ट आली ती म्हणजे चाकू वाचणं. वापरलेला चाकू हातात घेतला की मालक काय कापतो, कसा कापतो, घाईचा आहे की सबुरीचा, हे ते सांगायचे. कुणी चाकूनं रंगाचे डबे उघडले असतील तर टोक बघूनच ओळखायचे आणि भर रस्त्यात ओरडायचे, "अहो, चाकू आहे हा, पेचकस नाही!" ओरडा खाल्लेलं गिऱ्हाईक हसत धार लावून घ्यायचं. धारेचे पैसे आपल्या दुकानच्या चाकूला नसत.

तर असा हा सुखी माणूस. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र त्याच्या अन्नातली चव गेली.

झालं असं, की ज्या कारखान्याचे चाकू ते इतकी वर्षं विकत होते, तो बंद पडला. एका एजंटानं दुसरे चाकू आणून दिले. काळे कुळकुळीत, चकचकीत, खिशाला अडकवायला पट्टी. दाऊदभाईंनी उघडून-मिटून बघितले, बरे वाटले, ठेवले. त्यातला एक त्यांनी सांडूला दिला. सांडू सोयगावचा. चाळीसेक बकऱ्या आणि थोडं कापसाचं वावर. त्याची लेक इथं शहरात नर्सिंग शिकायची. तिला भेटायला आला की दाऊदभाईंकडं चक्कर ठरलेली.

नवव्या दिवशी सांडू परत आला. खिशातून पातं काढून काउंटरवर ठेवलं, दुसऱ्या खिशातून मूठ काढून शेजारी ठेवली आणि गरिबासारखं म्हणाला, "दाऊदभाई, ह्याचे दोन झाले."

"काय कापत होतास?"

"सुबाभळीचा पाला. रोजचाच. लई जोर बी नव्हता लावला."

दाऊदभाईंनी मूठ उलटी केली. पातं ज्या खिळ्यावर फिरतं तो खिळा नुसता वरून ठोकलेला, आतून पोकळ. त्यांनी सांडूला पैसे परत दिले, त्याच्यासाठी चहा मागवला आणि स्वतः मात्र चहाला हात लावला नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा चाकू असा मोडून आला नव्हता. उरलेले सगळे काळे चाकू त्यांनी पोत्यात भरून एजंटाकडं परत पाठवले. घडीच्या चाकूंचा खण रिकामा झाला.

त्यांची मुलगी नौशीन शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरीला. गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम. एक केसभर फरक निघाला तरी माल नापास करणारी बाई. सुट्टीच्या दिवशी ती अब्बांचा डबा घेऊन दुकानात यायची. त्या रविवारी डबा तसाच परत निघालेला बघून तिनं विचारलं, "अब्बा, एका खिळ्यापायी उपाशी राहणार का?"

"खिळा नाही बेटा. मी तो नुसता बघून दिला. वापरून नाही बघितला."

"मग आता वापरून बघू." तिच्याकडं उपायही तयार होता. कृष्णा नावाचा तिच्या ओळखीतला एक तरुण वाळूजला छोट्या शेडमध्ये मशीनचे भाग बनवायचा आणि हौसेनं घडीचे चाकूही करायचा. दुसऱ्या रविवारी ती त्यालाच घेऊन आली. कृष्णानं तीन चाकू काउंटरवर मांडले. साधे, बाभळीच्या लाकडाची मूठ, चार बोटांचं पातं, जाड पितळी खिळा.

"आमच्याकडं मशीनवर दहा हजार वेळा उघड-मिट करता येईल," नौशीन म्हणाली.

"मशीनला घाम येतो का?" दाऊदभाईंनी विचारलं. "मशीन कैरीला मीठ लावते का? चाकू माणसांना द्या. पूर्ण एक वर्ष. ऊन, पाऊस, थंडी, सगळं होऊ द्या."

नौशीनला हे पटलं. कृष्णानंही मान डोलावली. आणि त्याच दिवशी दाऊदभाईंनी डबा पुसून खाल्ला.

तीन माणसं त्यांनी विचार करून निवडली. पहिला मान सांडूचा, कारण नुकसान त्याचं झालं होतं. दुसरा चाकू मनकर्णाबाईंना. त्या दुकानासमोरच पाटी घेऊन बसायच्या. हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्यात कैरी, पावसाळ्यात काकडी. चिरायचं आणि तिखट-मीठ लावून द्यायचं, दिवसभर. पोलादाला मिठासारखा वैरी नाही. तिसरा चाकू लासूर स्टेशनच्या नानासाहेबांना. त्यांचा कांद्याचा व्यापार. गोण्यांची सुतळी कापून कापून त्यांनी आजवर चार चाकू झिजवले होते. तिघांनाही अट एकच: वापरायचा, जपायचा नाही, आणि नौशीन महिन्याला फोन करेल तेव्हा खरं सांगायचं.

नौशीननं वही केली. पहिल्या महिन्यात तिन्ही उत्तरं छान आली. पावसाळा लागला तशी सांडूची उत्तरं छोटी झाली.

"सांडूकाका, चाकू कसा आहे?"

"हाय की."

"चालतोय ना?"

"वावरातच असतो तो, ताई." आणि फोन बंद.

नानासाहेबांचं मात्र एकच पालुपद. "एक नंबर! तुमच्या अब्बांना सांगा, असा चाकू होणे नाही." धार किती दिवसांनी लावली विचारलं की, "लागतच नाही!" नौशीन वहीत लिहायची आणि पेन चावत बसायची. सुतळी कापणाऱ्या चाकूला चार महिने धार लागत नाही, हे तिच्या हिशेबात बसेना.

मनकर्णाबाई तेवढ्या खऱ्या. त्या रस्ता ओलांडून येऊन भांडायच्या. "दाऊदभाई, पातं काळं पडलं बघा. आन् आता उघडाया दोन्ही हात लागतेत. माझ्या हाताला काय दुसरं काम नाय का?"

दिवाळी होऊन पेरूचे दिवस आले होते. एका रविवारी नौशीननं तो चाकू हातात घेतला. खिळ्याच्या जागी मिठाचा थर धरला होता. तिनं गरम पाण्यात चाकू बुडवला, दाताच्या ब्रशनं सांधा घासला, कोरडा केला आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. चाकू पुन्हा लोण्यासारखा उघडायला लागला. तेलाची छोटी बाटलीही तिनं मनकर्णाबाईंच्या पाटीत ठेवली.

"मावशी, रोज पाटी उचलायच्या आधी धुऊन पुसायचा. आणि एक थेंब. एकच."

"पोटच्या पोराला इतकं नाय केलं मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. पण केलं त्यांनी.

त्यानंतर चौथ्या दिवशीची गोष्ट. दुपारचे बारा-साडेबारा, रस्त्यावर मुंगीला वाट नाही. घड्याळाकडून एक मोटरसायकल येत होती. पुढं नवरा, मागं जरीकाठाची साडी नेसलेली बायको, मांडीवर आहेराची पिशवी. दाऊदभाई एका शिंप्याच्या कात्रीला धार लावत होते. एकदम कुणीतरी किंचाळलं. त्यांनी मान वर केली तर त्या बाईची मान एका अंगाला ओढली गेलेली आणि पदर मागच्या चाकात. नवऱ्यानं ब्रेक मारला, गाडी थांबली. पण पदर चाकात आणि साखळीत असा आवळला होता की गळ्याभोवतीचा पिळा सुटेना. बाईचे दोन्ही हात गळ्याशी. चेहरा लाल, मग काळपट व्हायला लागला. लोक "गाडी मागं घ्या", "गाडी पुढं घ्या" असं ओरडत होते, आणि घाबरलेला नवरा दोन्ही करत होता.

दाऊदभाई उठले. त्यांचे गुडघे काही त्यांच्या मनाच्या वेगानं उठले नाहीत. काउंटरची फळी उचलून, खिशातला चाकू चाचपत ते पायरी उतरले तोवर मनकर्णाबाई पोचल्या होत्या. पाटी तिथंच उपडी, पेरू रस्त्याच्या उतारानं पळत सुटलेले. एका हातानं त्यांनी त्या बाईच्या मानेमागं दोन बोटं सरकवून पिळा वर उचलला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाकू उघडला. एका झटक्यात. नख लावलं आणि उघडला. पात्याची पाठ कातडीकडं, धार बाहेर. सर्रकन आवाज झाला आणि जरीचा काठ दुभंगला.

ती बाई रस्त्यावरच बसली. दोन-तीन श्वास तिनं असे घेतले की बघणाऱ्यांनीही तिच्याबरोबर घेतले. दाऊदभाईंनी पाणी आणून दिलं. सोनिया तिचं नाव. टीव्ही सेंटरकडं राहायची, नणंदेच्या घरच्या कार्यक्रमाला निघाली होती. गळ्यावर लाल वळ उठला होता. आवाज फुटला तसं तिनं पहिलं काय बघितलं असेल तर हातातलं पदराचं टोक.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "साडी वन्सांचीच होती हो! मागून आणलेली!"

आणि ती रडता रडता हसायला लागली. नवरा नुसताच रडत होता. मनकर्णाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "वन्सांना म्हणावं, साडी गेली पर भावजय आली. घ्या म्हणावं गोड मानून."

लोकांनी पळालेले पेरू गोळा करून दिले. मोजून दिले की नाही देव जाणे, पण पाटी आधीपेक्षा जरा भरलेलीच वाटत होती. दाऊदभाई दुकानात येऊन बसले. चार दिवसांपूर्वी तो चाकू उघडायला दोन हात लागत होते, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांनी नौशीनला फोन लावला. ती कामावर होती, तरी उचलला.

"काय झालं अब्बा?"

"काही नाही," ते म्हणाले. "तुझं तेल कामाला आलं." मागोमाग आलेल्या मनकर्णाबाईंनीच मग फोन घेऊन सगळी हकीकत सांगितली, हातवाऱ्यांसकट.

वर्ष भरलं तसा एका रविवारी सगळ्यांना बोलावणं गेलं. कृष्णा आला. मनकर्णाबाई तर समोरच होत्या. नानासाहेब लासूरहून सकाळच्या गाडीनं आले, संगं त्यांच्या घरच्या केसरबाई. त्यांना म्हणे शहरात खरेदी होती. केसरबाई बाहेरच्या स्टुलावर पदर सावरून बसल्या आणि कशाला कोण जाणे, सारख्या हसू दाबत होत्या.

आधी नानासाहेबांचा चाकू काउंटरवर आला. दाऊदभाईंनी चष्मा चढवला. मूठ फिरवली. पातं उजेडाकडं धरलं. टोकाला एक बारीक टवका. मग त्यांनी सांध्यात टाचणी घालून काहीतरी खरवडलं आणि बोटावर घेऊन वास घेतला.

"नानासाहेब, गोण्या कापल्या ह्यानं?"

"शंभर रोज!"

"सुतळीचा एक धागा नाही सांध्यात. हळद आहे." त्यांनी मूठ पुढं केली. "आणि हे लाकूड बघा. अंगठा टेकून टेकून जी झिलई चढते ती ह्या बाजूला आहे. म्हणजे धरणारा डावखुरा. तुम्ही तर आत्ता चहा उजव्या हातानं प्यालात. टोकाचा टवका डब्याचं झाकण उचकटल्याचा. तुपाचा डबा असावा."

नानासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. बाहेर केसरबाईंचं हसू फुटलं ते फुटलंच.

"सांगा आता!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग दाऊदभाईंकडं वळून, "भाऊ, दुसऱ्या दिवशीच घेतला मी ह्यांच्या खिशातून. भाजी म्हणू नका, नारळाची शेंडी म्हणू नका, दुधाच्या पिशव्या, लोणच्याच्या कैऱ्या, पिठाच्या गोणीची शिवण. व्हय, मी डावरीच. आठवड्याला पाट्याच्या कडेवर घासते, म्हणून तर धार टिकली. ह्यांना काय माहीत? हे फोनवर एक नंबर, एक नंबर करायचे आन् मी चुलीपाशी ऐकायची."

"अगं, पण एक नंबर आहे हे तर खरंच होतं ना!" नानासाहेब काकुळतीला आले. नौशीननं वहीत नानासाहेबांचं नाव खोडून केसरबाईंचं लिहिलं आणि पेन चावायचं थांबवलं.

सांडू सगळ्यात उशिरा आला. सोयगावची गाडी लेट होती म्हणाला, पण खरं तर तो अर्धा तास कोपऱ्यावरच उभा होता. त्यानं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला चाकू ठेवला आणि बघायला नको म्हणून घड्याळाकडं तोंड केलं. मूठ पांढरी पडलेली, लाकडाला बारीक चिरा. पातं तांबूस डागांनी भरलेलं, पण उघडत होतं.

"सांडू, ह्याला काय केलंस?" दाऊदभाईंनी विचारलं.

"काय नाय केलं, दाऊदभाई. तेच तर. मिरगात पेरणीच्या वक्ताला कमरंचा पडला. लई हुडकला. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? एक मोडून आणला, दुसरा हरवला. पण ताईंना खोटं बोललो नाय. वावरातच होता तो!" त्यानं नाकावरचा घाम पुसला. "कापूस येचताना बायकोच्या पायाला लागला. पाच महिने मातीत. अख्खा पावसाळा त्याच्यावरून गेला. घासलेटात आठ दिवस ठेवला, खुलला. तवापासून रोज पाला कापतोय."

सांडूला वाटलं, आता बोलणी बसणार. नौशीननं चाकू उचलला, खिळा डोळ्यापाशी नेला, पातं डावी-उजवीकडं हलवून बघितलं. हललं नाही.

"काका," ती म्हणाली, "पाच महिने माती आणि पाणी! अशी परीक्षा आमच्या कंपनीत कुणाला सुचली नसती. सगळ्यात चांगलं काम तुम्ही केलंत."

सांडूनं खात्री करून घ्यायला दाऊदभाईंकडं बघितलं. दाऊदभाई हसत होते, खांदे हलवून, आवाज न करता. मग सांडूही हसला, आणि त्याच्याबरोबर बाकीचेही.

कृष्णाला ते तिन्ही चाकू शेडवर नेऊन तपासायचे होते. त्यानं हात पुढं केला तर केसरबाईंनी आपला उचलून पिशवीत टाकला. "घरी भाजी कशानं चिरू?" मनकर्णाबाईंनी तर कमरेला खोचलासुद्धा. सांडू म्हणाला, "एकदा हरवलेला सापडला, आता नाय सोडत." शेवटी कृष्णानं तिथंच, काउंटरवर, एकेकाचा चाकू पाच-पाच मिनिटं उसना घेऊन मापं घेतली. दाऊदभाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. मुठीच्या बुडाशी एक भोक पाड, दोरी बांधायला. आणि सांध्याजवळ पितळेत बारीक खाच ठेव, म्हणजे तेल आतवर जाईल. कृष्णानं हातावरच लिहून घेतलं.

महिन्याभरात रिकामा खण भरला. आता नव्या चाकूबरोबर लाल दोरी मिळते आणि नौशीनच्या हुकमानं तेलाची छोटी बाटली. मनकर्णाबाईंच्या पाटीशी उभं राहून लोक पेरू खातात आणि तो जरीच्या साडीचा किस्सा ऐकतात. मग समोर दाऊदभाईंकडं जाऊन चाकू बघतात. सोनिया दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा पंजाबी ड्रेस घालून, ओढणीला घट्ट गाठ मारून.

आणि आणखी एक झालं. हजारो भाग तपासलेल्या नौशीनला स्वतः धार लावता येत नव्हती. ती म्हणाली, शिकवा. आता रविवारी धारेच्या दगडासमोर ती बसते आणि दाऊदभाई बाहेर स्टुलावर पेरू खात बसतात. पाठमोरे असले तरी मध्येच म्हणतात, "कोन चुकला."

"तुम्ही बघितलं कुठं?"

"ऐकलं."

ती पातं जरा उचलते, पुन्हा फिरवते. दाऊदभाई कान देऊन ऐकतात. समोरून मनकर्णाबाई विचारतात, "आता जमलं का पोरीला?"

दाऊदभाई पेरूची फोड तोंडात टाकतात आणि मान डोलावतात, पण अशा बेतानं की दुकानातून दिसू नये.